वर्लिन ट्वेटची रेघ

कॉटर क्रीकच्या खोऱ्यात रायफलच्या नळीला खाच पाडावी ती वर्लिन ट्वेटनंच, असं लोक चाळीस वर्षं म्हणत आले. मोंटानातल्या त्या डोंगराळ भागात घरटी दोन तरी रायफली असतात, त्यामुळे हे म्हणणं काही लहान नव्हतं.

गोळी झाडली की रिकामी पुंगळी मागे ओढून काढायला नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टवर एक पोलादी आकडा असतो. काही जुन्या रायफलींत त्या आकड्याला बसायला नळीच्या मागच्या तोंडावर खाच लागते. ती खाच नेमक्या जागी हवी. जागा ठरवायची एकच रीत वर्लिनला मान्य होती. आधी नळी रायफलीच्या सांगाड्यात पान्यानं पूर्ण आवळायची. मग सुईनं नळीवर आणि सांगाड्यावर मिळून एक रेघ मारायची, आकड्याची जागा खुणेनं नळीवर घ्यायची. मग नळी सोडवून मिलिंग मशीनवर खाच पाडायची आणि पुन्हा रेघेला रेघ भिडेपर्यंत आवळायची. खाच चुकली म्हणून ती रुंद करणाऱ्याला तो कारागीर मानत नसे. कर्टिसनं त्याच्या हाताखाली शिकाऊ असताना एकदा तसं केलं होतं. त्या वाया गेलेल्या नळीचा तुकडा वर्लिननं बारा वर्षं दुकानात खिळ्याला टांगून ठेवला होता.

पाच वर्षांपूर्वी वर्लिनचं दुकान कर्टिसनंच विकत घेतलं. तो आता पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला. खिळ्यावरचा तुकडा त्यानं काढला नाही. वर्लिनला मात्र सांगितलं, "मास्तर, मिलिंग मशीन तुमचं. काम जोवर बिनचूक, तोवर त्याला दुसऱ्याचा हात लागणार नाही."

बायको गेल्यावर वर्लिनला सकाळी उठायला तेवढं एक मशीनच उरलं होतं.

एल्क हरणांची शिकार सुरू व्हायला नऊ दिवस होते. टेबलावर रायफली साचल्या होत्या. वर्लिननं लिओना कुचेराच्या रायफलीला नवी नळी तयार केली, आवळली, रेघ मारली, सोडवली, खाच पाडली. एरवी शेवटचं आवळणंही तोच करायचा. पण दुपारी त्याला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून कर्टिस म्हणाला, "राहू द्या, ते मी करतो."

वर्लिन परतला तेव्हा कर्टिसनं दुकानाच्या दाराला आतून कडी घातली.

"ही बघा. बोल्ट बंद होत नाही."

वर्लिननं पाहिलं. आकडा खाचेत न बसता शेजारच्या पोलादावर अडला होता. सांगाड्यावरची रेघ एकीकडे, नळीवरची तिच्या पुढे तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली.

"किती आवळलीस रे? बैल जुंपलेस काय?"

"नेहमीसारखीच."

"नेहमीसारखी असती तर रेघ पुढे गेली असती का? तुझ्या हाताला कधी माप नव्हतंच. तो खिळ्यावरचा तुकडा बघ."

कर्टिस ओशाळला नाही. हेच वर्लिनला खटकलं. त्यानं नळी सोडवली, रायफल पुन्हा व्हाइसच्या जबड्यात धरली आणि पाना वर्लिनच्या हातात दिला.

"तुम्ही आवळा."

वर्लिननं टोपी काढून ठेवली. पाय रोवले. पाना दोन्ही हातांनी धरून तो सगळ्या अंगानिशी वाकला. मानेच्या शिरा टरारल्या. रेघ रेघेकडे सरकली, तिला भिडली आणि थांबली.

"बघ," तो धापा टाकत म्हणाला. "आता हलतेय का?"

कर्टिसनं पाना एका हातात घेतला आणि ओढला. नळी सहज फिरली. रेघ तांदळाच्या दाण्याएवढी पुढे गेली आणि तिथे पोलादाला पोलाद घट्ट भिडलं.

वर्लिननं दोन रेघांमधल्या अंतरावर नख ठेवलं; रेघ मारली तेव्हाच नळी पुरती आवळलेली नव्हती. कॉफीचं भांडं कुठेतरी बुडबुडत होतं.

"मास्तर, हात कधीपासून असे आहेत?"

"यंदाच्या वसंतापासून. थोडी बधिरता येते. जाते परत."

"मग वसंतापासून तुम्ही बसवलेल्या सगळ्या नळ्या..." कर्टिसनं वाक्य पुरं केलं नाही. ढिली नळी गोळ्यांच्या धक्क्यानं आणखी ढिली होते, हे त्याला वर्लिननंच शिकवलं होतं. "अकरा आहेत. सगळ्या परत मागवायला हव्यात. शिकार सुरू व्हायच्या आत."

"फोन मी करतो."

"दोघं करू. आणि मशीन..."

"मशीनचं मला कळलं, कर्टिस."

त्या संध्याकाळी कर्टिसनं खिळ्यावरचा जुना तुकडा उतरवून कचऱ्यात टाकला. वर्लिनला तो टांगलेला राहिला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी लिओना आली. नवरा गेल्यापासून एकटीच गुरं सांभाळणारी, बोलायला फटकळ.

"काय रे वर्लिन, रायफल झाली? की अजून तिच्याशी लग्न लावतोयस?"

"नळीचा मागचा भाग कापून पुन्हा करावा लागेल. चूक माझी. कर्टिस करून देईल, तीन दिवसांत."

"तुझी चूक?" ती हसली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. पिशवीतून हकलबेरी या रानफळाच्या जॅमची बरणी काढून तिनं त्याच्यापुढे ठेवली. दर ऑक्टोबरात एक द्यायची. "मागचा कसा होता? साखर जास्त झाली होती ना?"

"छे, झकास होता. केव्हाच संपला."

संध्याकाळी घरी त्यानं पाव कापला आणि बरणी उघडायला घेतली. झाकण हललं नाही. फडकं गुंडाळून पाहिलं, गरम पाण्याखाली धरून पाहिलं. शेवटी बरणी ठेवून द्यायला त्यानं वरचं कपाट उघडलं. तिथे मागच्या वर्षीची बरणी होती. भरलेली. झाकणावर लिओनाच्या हातची चिठ्ठी तशीच डकवलेली, एका कडेला झाकण उघडायला लावलेल्या त्याच्याच पक्कडीचे ओरखडे.

तो खुर्चीवर बसला. पाव वाळत राहिला. मग त्यानं कर्टिसला फोन लावला.

"यादी वसंतापासून नको करूस. मागच्या ऑक्टोबरपासून कर."

"मास्तर? कशावरून?"

"जॅमवरून."

पलीकडे नोंदवहीचा कागद उलटल्याचा आवाज आला. वर्लिन पानं मोजत राहिला. चौथं उलटलं, पाचवं उलटलं, तरी नावं संपेनात.