दोन गालिच्यांमधला बांध

मीनाचा फोन आला तेव्हा माझ्या उजव्या हातात एका माणसाची कॉलर होती आणि डाव्या हातात त्याच्याच टेम्पोचा तुटलेला आरसा. कनेरगाव नाक्यावर, धाब्यासमोर. त्यानं टेम्पो मागं घेता घेता माझी मोटरसायकल आडवी केली होती आणि मी त्याला आरशात त्याचं उद्याचं तोंड कसं दिसणार आहे ते दाखवत होतो. फोन वाजतच राहिला. माझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मी तो त्यालाच माझ्या खिशातून काढायला लावला, माझ्या कानाला धरायला लावला. भाची म्हणाली, "मामा, आई गेली..." पुढचं काही मला ऐकू आलं नाही, पण त्या टेम्पोवाल्याला आलं. त्यानंच माझी बोटं एकेक करून त्याच्या कॉलरीतून सोडवली, मला टेम्पोत बसवलं आणि हिंगोलीला आणून सोडलं. मोटरसायकल तशीच आडवी पडून होती.

आमची कौसाक्का गेली ती मारता मारता गेली. नवरात्राच्या आधी घरोघर धुणी निघतात तशी तिची निघाली होती. गच्चीच्या कठड्यावर गालिचा टाकून ती बांबूनं झोडपत होती. आक्का गालिचा झोडपायला लागली की खालच्या गल्लीत माणसं थबकायची. वरती कुणाचा तरी खून चाललाय असं वाटून एका नव्या भाडेकरूनं पोलिसांना बोलावलं होतं आणि आलेला हवालदार आक्काचा आवेश बघून जिन्यातूनच परत गेला, असं मी गावभर सांगत आलोय. त्यातला हवालदार मी माझ्या पदरचा घातलेला आहे, भाडेकरू खरा. तर त्या दिवशी बांबूचा आवाज मधेच थांबला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणतो, त्या हृदयाला आम्हा दोघा भावांनी जेवढा मार दिला होता त्या मानानं ते फार टिकलं.

दोघं म्हणजे मी आणि किसनदादा. मी सगळ्यांत धाकटा, दादा मधला, आक्का थोरली. आमच्या दोघांच्या हळदीच्या वावरात एकच बांध. तो बांध दादा कोरतो असं माझं म्हणणं आणि मी कोरतो असं त्याचं. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बांध कोरणं म्हणजे दर नांगरटीला आपल्या बाजूनं बांधाची बोटभर माती वावरात ओढून घेणं. एका वर्षात कुणाला कळत नाही, दहा वर्षांत एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, वाढतं. एका सकाळी आम्ही दोघं त्या बांधावर समोरासमोर आलो. दादाच्या हातात विळा, माझ्या हातात फावडं. त्या मारामारीचं वर्णन मी इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारांनी केलं आहे की एका प्रकारात आम्ही तीन एकर हळद तुडवली, दुसऱ्यात बैल दावं तोडून वाशिमच्या दिशेनं पळाले. खरं एवढंच, की माझ्या करंगळीचं एक पेर विळ्यानं गेलं, आणि फावड्याचा दांडा मी दादाच्या कानशिलात घातला. त्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. हे मी वाढवून सांगत नाही. कमी करून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

गावानं आम्हाला मारुतीच्या पारावर बोलावलं. जाजम अंथरलं. म्हातारी माणसं म्हणाली, बसा दोघं एका जाजमावर आणि मिटवा. दादाच्या डोक्याला पट्टी, माझ्या हाताला पट्टी. दादा उभ्यानंच म्हणाला, "याच्यासंगं एका जाजमावर बसलो तर बापाचं नाव लावणार न्हाई." आता बाप आमचा एकच, त्यामुळं मला मागं राहून कसं चालंल? मीही तीच शपथ घेतली, वर आईचं नाव घातलं. आमच्या घराण्यात एक खोड आहे, की तोंडातून निघालेला शब्द आम्ही जसाच्या तसा पाळतो, त्याचा अर्थ मात्र कधी पाहत नाही. तेव्हापासून कुणाच्या लग्नात, मयतीत, सप्ताहात जाजम अंथरलेलं दिसलं की दोघांतला एक जण मातीत बसायचा.

मग मीनाचा साखरपुडा ठरला. आक्काचं घर हिंगोलीत, दाजी कचेरीत कारकून, बैठकीची खोली दहा फूट बाय बारा. पाहुणे खुर्च्यांवर बसवता येतील, पण मामा लोक खाली बैठकीवर हवेत, आणि दोन्ही मामा हवेत, हा आक्काचा हट्ट. ती दोघांच्याही घरी जाऊन आली. मी म्हणालो, "आक्का, शपथ हाय."

"शपथ जाजमाची हाय का खोलीची?"

"जाजमाची."

"मग दोन जाजमं टाकते. हाय का काही तकलीफ?"

मी होकार दिला. दादालाही तिनं हेच विचारलं असावं, कारण त्यानंही दिला.

गालिचे घ्यायला ती मलाच सोबत घेऊन गेली. त्या दुकानदारानं पुढं धंदा बदलला असं मी ऐकतो, त्याला कारण ती दुपार असावी. आक्कानं गालिचे उलगडले नाहीत, फरफटत बाहेर काढले. गुलाबाची नक्षी दाखवली तर म्हणाली, "हे पाकळ्या मोजतेन." मोराची जोडी दाखवली तर म्हणाली, "ह्याची चोच त्याच्याकडं होईन, मग तो म्हणंन माझ्याकडं काहून." हिरवा नको, शेत आठवतं. निळ्यात एकाचा रंग दुसऱ्यापेक्षा उतरलेला. शेवटी दोन बिननक्षीचे काढले, गडद मरून, चार बाय सहा. तिनं ते एकावर एक टाकले, चारी कोपरे जुळवले, हाताची वीत घालून मोजले. एकाची झालर बोटभर लांब निघाली, ती तिनं दुकानदाराचीच कात्री घेऊन त्याच्यासमोर कापली. त्यानं विचारलं, "बाई, खोली छोटी हाय तर फिका रंग घ्या, मोठी दिसंल." आक्का म्हणाली, "हाच बरा. रक्त सांडलं तरी दिसायचं न्हाई." तो हसला. आक्का हसली नाही, तेव्हा त्यानंही थांबवलं.

सोफा व्हरांड्यात गेला. एक गालिचा या भिंतीला, एक त्या भिंतीला, प्रत्येकामागं लोड, आणि मधे दोन फूट उघडी फरशी. तो बांध. साखरपुड्याला आम्ही येऊन आपापल्या गालिच्यावर बसलो. पाहुणे खुर्च्यांवर, मीना पाटावर, ओटी भरणं चाललेलं. दादानं फरशीकडं पाहिलं, माझ्या गालिच्याच्या कडेकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इथं बी कोरला ह्यानं." माझ्या मांडीखाली गालिचा जरासा सरकला असंल, मी नाही म्हणत नाही. पण मी उठलो. उठताना लोड हातात आला आणि तो मी दादाच्या तोंडावर घातला. लोड फाटला. दादानं ओटीतला नारळ उचलून भिरकावला, तो माझ्या डोक्यावरून जाऊन घड्याळात घुसला आणि घड्याळ बंद पडलं. मग आम्ही एकमेकांच्या उरावर... कापूस खोलीभर उडत होता, नवऱ्या मुलाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. तेवढ्यात आक्का मोरीतून धोपटणं घेऊन आली. ज्यानं चादरी बडवायच्या त्यानं तिनं आम्हाला बडवलं, दोघांना बराबर, मोजून, एक इकडं एक तिकडं, अन् मधल्या फरशीवर उभी राहून. नाकातून रक्त माझ्याही आणि त्याच्याही. गालिच्यावर दिसलं नाही, हे खरं.

मला वाटलं सोयरीक मोडली. नवऱ्या मुलाचा बाप मिशीतला कापूस काढत म्हणाला, "मामा लोक असे असल्यावर पोरीकडं वाकडं बघायची आमची हिंमत न्हाई होणार. वाटा साखर."

पाहुणे गेल्यावर आक्का मधल्या फरशीवर मांडी घालून बसली. दोन फुटांत ती बरोबर मावली. म्हणाली, "माझ्या जित्तेपणी एकदा एका जाजमावर बसा. दुसरं काही मागत न्हाई." दादानं ऐकू न येणारा कान तिच्याकडं केला. मी म्हणालो, "शपथ हाय."

त्यानंतर चौदा वर्षं राखी आणि भाऊबीज आम्ही तशीच केली. ती मधे बसायची, आधी त्याला ओवाळायची, मग वळून मला. जेवणाची दोन्ही ताटं मात्र एकाच वेळी. आम्ही तिच्याशी बोलायचो, एकमेकांशी नाही. पुढं पुढं ती मधे बसायची सोडून उभी राहून ओवाळायला लागली. मला वाटलं गुडघे दुखत असतील. मागं लोड दरसाल नवा भरलेला, अधिक फुगीर, भिंतीला पाठ म्हणून टेकेना. मी म्हणालोसुद्धा, "आक्का, कापूस फुकट मिळून राहिला का?" ती म्हणाली, "बस गपचूप." यंदाच्या राखीला तिनं ओवाळताना एकच पाय मधे ठेवला होता, दुसरा मागं, दाराकडच्या फरशीवर. तोल जायला लागला तर डावीकडून दादानं आणि उजवीकडून मी, दोघांनी हात दिला. तिनं दोन्ही हात झिडकारले. ती शेवटची भेट.

दहाव्याला खोली धुवायला काढली. मीनानं गालिचे गुंडाळले आणि धुऊन झाल्यावर विचारलं, "मामा, कसे टाकू?" दादा म्हणाला, होते तसे. मीही तेच म्हणालो. पोरीनं आमच्या दोघांकडं पाहिलं आणि तिचा बांध फुटला. म्हणाली, "होते तसे म्हणजे कसे? दर राखीच्या आदल्या दिवशी आई हे एक बोट आत सरकवायची. दर भाऊबिजेला आणखी एक. एकदा याचा, एकदा त्याचा. मागची जागा दिसू नये म्हणून लोडात कापूस कोंबायची." दाजी कोपऱ्यात बसले होते. मी त्यांना आयुष्यात दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "दुसरं टोक मी धरायचो. ती म्हणायची, दोघं एका बोटासाठी जीव घ्यायला निघाले होते, इथं अठ्ठावीस बोटं गेली अन् एकाला बी पत्ता न्हाई."

दादानं ऐकणारा कान पुढं करून ते पुन्हा सांगायला लावलं. मग तो उठून व्हरांड्यात गेला आणि सोफ्यावर बुक्क्या मारायला लागला. मी भिंतीवर मारल्या. शेजारच्यांना वाटलं असंल, आक्का आली परत.

गालिचे मीनानं टाकले, शेवटच्या राखीला होते तिथंच. मधे चार बोटं फरशी उरली. मी बसून मोजली. आक्का जगली असती तर दोन वर्षांचं काम. त्या दिवशी आम्ही दोघं आपापल्या गालिच्यावर बसलो, जेवलो, निघालो.

आता मी दर आठवड्याला दाजींकडं जातो. यंदा सण नाही, दुखवट्याचं वर्ष आहे, म्हणून तर जातो. परवा बसलो आणि सवयीनं नजर मधे गेली. तीन बोटं. पुन्हा मोजली, तीनच. मी म्हणालो, "दाजी, तुमी सरकवला का?"

"मला वाकता येतंय का? मंगळवारी किसनराव आले होते. चहा पिले. उठता उठता पायानं काहीतरी करून राहिले होते, मला नीट दिसलं न्हाई."

म्हणजे त्यानं कोरला. सरळ सरळ, पाठीमागं, मी नसताना. याच गोष्टीसाठी मी त्याचा कान घालवला होता. चहा आला, तो बशीत ओतून सावकाश पिलो, कप खाली ठेवला आणि उठता उठता माझाही पाय जरासा घसरला.