डिकीतून ऐकलेला आवाज

घाटकोपरच्या भटवाडीत संघमित्रा शेजवळचं गॅरेज आहे. गाडी आत घेतली की माणसाला पोट आत ओढून कडेकडेनं चालावं लागतं. तोंडाशीच प्लॅस्टिकच्या खुर्चीत तिचे वडील धोंडिराम बसलेले असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि गॅरेज संघमित्राच्या गळ्यात पडलं. काम तिला येत होतंच; आयटीआय झाल्यावर ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. "बाबा बरे होईपर्यंत," असं तेव्हा ठरलं. नंतर तो विषय कुणी काढला नाही. भाऊ विशाल चेंबूरला राहतो. रविवारी फोन करतो, "काही लागलं तर सांग," म्हणतो आणि ठेवतो.

एका सोमवारी तिला चाकणच्या एका मोटार कंपनीतून फोन आला. नव्या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या विभागात तिची निवड झाली होती. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. तिनं घरात अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या प्रेमाताई गाडी दाखवायला आल्या. सासूच्या आजारपणामुळे त्या सिंगापूर सोडून मुलुंडला परतल्या होत्या आणि येताना तिथली जुनी जपानी गाडी घेऊन आल्या होत्या.

"मागून ठकठक होतं गं. वळताना तर गाडीचा मागचा भाग भलतीकडेच जातो. एकानं शॉकअब्सॉर्बर बदलले, पण आवाज आहे तिथेच."

संघमित्रानं गाडीचा मागचा भाग जोरात दाबून सोडला. गाडी वर आली आणि लगेच स्थिर झाली. शॉकअब्सॉर्बर चांगले होते. चाकं हलवून पाहिली, तरी काही कळेना.

"डि...कीत बस," खुर्चीतून बाबा म्हणाले.

दुसरा इलाज नव्हता. "ताई, मी आतून थाप मारली की गाडी थांबवा," असं सांगून ती पाय पोटाशी घेऊन डिकीत शिरली. झाकण बंद झालं.

आत मिट्ट काळोख आणि रबराचा वास. पहिल्या खड्ड्यालाच आवाज आला. तिनं तळाला तळहात टेकवला. ठक्! डावीकडून, पण चाकाच्या वरून नाही. चाकाच्या पुढून, खालून. चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारा आर्म जिथे बसतो, तिथला धक्के झेलणारा रबरी बुश गेला होता. हवं ते कळलं होतं. तिनं थाप मारली.

गाडी थांबली नाही. तिनं पुन्हा थापा मारल्या. बाहेर हॉर्नचा गदारोळ होता, गाडी इंच इंच सरकत होती. घामानं कपडे अंगाला चिकटले, श्वास पुरेना. "ताई!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. घरात बाबांची खाट, गॅरेजात बाबांची खुर्ची. तिला कुणी बघत नाहीये अशी इतक्या वर्षांत ही पहिलीच जागा होती. ती पोटभर रडली.

झाकण उघडलं तेव्हा प्रेमाताई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या होत्या. "अगं, पुलावर अडकले होते! थांबणार कुठे? बरी आहेस ना?"

"बुश गेलाय," संघमित्रा डोळे पुसत म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं चाकणचं सगळं सांगून टाकलं.

"मी जा म्हणणार नाही आणि राहाही म्हणणार नाही," प्रेमाताई म्हणाल्या. "मी स्वतः आले ना परत. रोज वाटतं, चुकलंच. पण घरी सांगून तरी टाक, बाई. मला यायचं नव्हतं, हे मी कधी बोललेसुद्धा नाही."

बुश कुर्ल्याच्या एका दुकानात मापानं जुळवून मिळाला. पण जुना बोल्ट गंजून बुशच्या आतल्या लोखंडी नळीला असा चिकटला होता की पान्याला दाद देईना. तेल सोडलं, तापवला, हातोडीनं ठोकला. शेवटी गाडीखाली उताणं पडून करवतीच्या पात्यानं तो कापावा लागला; लोखंडाचा कीस डोळ्यांत जात होता. लेथवाल्यानं नवा बुश दाबून बसवून दिला. नवा बोल्ट तिनं आधी नुसता अडकवला, गाडी जॅकवरून खाली घेतली आणि चाकांवर पूर्ण भार आल्यावरच आवळला. हवेत लटकत्या चाकाला आवळला असता तर रबर पिळवटून पुन्हा फाटलं असतं.

शुक्रवारी गाडी गेली. आवाज नव्हता. त्या संध्याकाळी तिनं विशालला गॅरेजवर बोलावून घेतलं आणि बाबांसमोर सांगितलं.

विशाल खाली बघत म्हणाला, "आमची जागा लहान आहे गं. बघू या."

बाबांचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले. "जा," ते म्हणाले. पण डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट धरलं होतं.

"बाबा, सोडा ना."

"जा तू," ते पुन्हा म्हणाले. पकड तशीच होती. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिला ती बोटं सोडवता आली असती. जोर त्यांच्यापेक्षा तिच्या हातात जास्त होता. ती तशीच खुर्चीशेजारी खाली बसली.

शनिवारी तिनं चाकणला फोन करून महिन्याची मुदत मागितली. ती मिळाली नाही. पलीकडची बाई म्हणाली, पुढच्या भरतीला पुन्हा अर्ज करा. करीन, संघमित्रा म्हणाली. मग तिनं विशालला फोन लावला आणि, रविवार नसतानाही, पहिल्यांदाच बाबांच्या जबाबदारीवरून त्याच्याशी कडाडून भांडली.