एका खुर्चीपुरता आवाज

रॉस ट्रेलोरची हयात पोर्ट लिंकन बंदरातल्या, टुना मासे पकडणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत गेली. बोट धक्क्याला लागली की बाकीचे पबकडे वळायचे, हा सरळ घरी यायचा. घरी कोणी होतं म्हणून नव्हे. बायको ज्युलिया कधीच ॲडलेड शहरात निघून गेली होती. जाताना तिने सोफा नेला आणि बैठकीच्या खोलीत जागाच जागा झाली. त्या जागेत रॉसने घरी सिनेमा बघण्यासाठी स्पीकर आणायला सुरुवात केली.

आधी समोरची जोडी आली. ॲडलेडचं एक दुकान बंद होत होतं, तिथून कमरेएवढे उंच दोन स्पीकर त्याने गादीत गुंडाळून आणले. मग पडद्यावरची माणसं ज्यातून बोलतात तो मधला. पण तो मिळाला दुसऱ्याच बनावटीचा. सिनेमातली गाडी डावीकडून उजवीकडे गेली की मध्यावर तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटे. इंजिनाच्या आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाला हे कसं सोसावं? जोडीला जुळणारा मधला शोधण्यात काही वर्षं गेली. शेवटी सेडुना गावात एका मयत माणसाच्या सामानात तो सापडला. मागची जोडीही अशीच कुणाची तरी वापरलेली. जाड आवाज घुमवणारा मोठा खोका खिडकीखाली ठेवल्यावर काचा थरथरू लागल्या, तेव्हा त्याने पुट्टी भरून त्या गप्प केल्या. आणि सगळीकडून आवाज सारखा पोचेल अशा जागी त्याने एक खुर्ची ठेवली. एकच.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर तो रोज दुपारी तिथे बसू लागला, आणि नेमकं तेव्हाच सिनेमातलं बोलणं कळेनासं झालं. रॉसने तारा बदलल्या. दमदार ॲम्प्लिफायर घेतला. तरी माणसं तोंडात घास घेऊन बोलल्यासारखी वाटत. तो बारीक, तीक्ष्ण पट्टीचे आवाज चढवत गेला. तुला कसं वाटतंय, असं विचारावं तर घरात दुसरे कान नव्हते.

ईस्टरला धाकटी बहीण लिनेट बेंडिगोहून आली. तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. रॉसने तिला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः दाराला टेकून उभा राहिला आणि एक जुना युद्धपट लावला. तिने थोडा वेळ कळ काढली. मग दोन्ही कानांवर हात ठेवले.

"रॉस, बंद कर बाबा. सुया टोचतायत नुसत्या."

त्याने बंद केलं. स्पीकर एकमेकांना जुळणारे आहेत, त्यासाठी किती वणवण केली, हे तो सांगू लागला. तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"किटली केव्हाची शिट्टी मारतेय," ती म्हणाली. "ऐकू येतेय तुला?"

"कुठली किटली?"

ती उठून गॅस बंद करून आली. चहा घेतानाच तिने त्याच्याकडून कान तपासून घ्यायचं कबूल करून घेतलं.

कानांच्या तपासणीत निघायचं तेच निघालं. बारीक आवाज त्याला जवळजवळ येतच नव्हते. इंजिनांनी ते बोटीवरच ठेवून घेतले होते. कानांना यंत्रं लागली. ती घालून घरी आल्यावर रॉसला पहिल्यांदा आपलं घर ऐकू आलं. फ्रिजची कुरकुर, जाळीच्या दाराला घासणारा वारा, स्वतःच्या चपला. एवढ्या सगळ्यात माणसाचा आवाज तेवढा नव्हता. त्याने यंत्रं काढून डबीत ठेवली.

ॲम्प्लिफायरबरोबर एक छोटा माइक आला होता. खोलीतले आवाज मोजून तो सगळं आपोआप जुळवतो. रॉसने तो कधी खोक्याबाहेर काढला नव्हता. आपल्याला कान आहेत की, म्हणून. आता काढला, खुर्चीत ठेवला आणि खोलीत शांतता हवी म्हणून स्वतः बोळात जाऊन उभा राहिला. मोजणी अडली. मागचा डावा स्पीकर सदोष, असं पडद्यावर आलं. त्याने यंत्रं घातली आणि त्या स्पीकरला कान लावला. जाड आवाज तेवढा येत होता. बारीक आवाजाचा भाग मेलेला होता, बहुधा घेतला तेव्हापासूनच.

त्याने लिनेटला फोन लावला.

"मागचा डावा मुकाच होता गं. इतकी वर्षं."

"आणि तू त्याच खोलीत उभा राहून मला जुळणी शिकवत होतास?"

ती हसू लागली, थांबेचना. रॉसलाही हसू आलं. नवरा गेल्यापासून अशी हसले नव्हते, असं ती म्हणाली. मग तिने जेवलास का विचारलं, त्याने हो सांगितलं.

नव्या भागासाठी त्याने दोन-चार दुकानांत विचारून ठेवलंय. आता तो यंत्रं घालून सिनेमा बघतो. बोलणं बरंचसं कळतं. सिनेमा संपला की ती लगेच काढतो.