परक्या मातीत आईचा राब

माझी आई पनवेलजवळच्या आगरी शेतकऱ्याची मुलगी. लिहिणं सहीपुरतं, पण भाताच्या बाबतीत ती कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. वडील पनवेलला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पन्नासच्या दशकात मिशननं त्यांना दोन वर्षांसाठी आफ्रिकेत, टांगानिकातल्या एका खेड्यात पाठवलं आणि आम्ही सगळेच बोटीत बसलो. निघताना मिशनमधल्या एका बाईंनी आईला विचारलं, "तुम्ही तिथं काय करणार हो?" असा संताप आला मला!

त्या गावात शेती बायकांची. कुदळ बाईच्या हातात, बियाणं बाईच्या टोपलीत, घरात दाणा किती उरलाय तेही तिलाच ठाऊक. पेरणीच्या दिवसांत औषधाला यायला फुरसत कोणाला? वडील दवाखान्यात माशा मारत बसायचे. कुरकुरले की आई भातलावणीची आठवण करून द्यायची, "आवनीच्या टायमाला पनवेलला तरी कोन येतं तुमच्याकडं?"

आमची शेजारीण चार पोरांची आई, नवरा दूर मळ्यावर कामाला. तिच्याकडं ओल धरणारा एकच तुकडा. त्यात ती भात नुसता फेकून पेरायची. आईला ते बघवेना. खाणाखुणा करून तिनं तो तुकडा एका हंगामासाठी मागितला, आणि त्या माउलीनं दिलाही.

मग आईनं घोळ घातला. कोणाला न सांगता तिनं एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरलं आणि दिली काडी लावून. रोपासाठी जमीन अशी भाजतात, त्याला आमच्याकडं राब म्हणतात. पनवेलला राबाचा धूर दिसला तर कोणी मान वळवत नाही. इथं अख्खं गाव मडकी घेऊन धावलं! शेजारीण ऊर बडवायला लागली. वडील मोडक्यातोडक्या भाषेत माफी मागत होते, आणि आमची बया म्हणते, "हिला सांगा, पिकलं नाय त वरीसभर हिची पोरं माज्या घरात जेवतील."

वडिलांनी कपाळाला हात लावला. आम्हालाच जेमतेम पुरत होतं.

पाऊस झाला, रोप तरारलं. आईनं लुगडं खोचून एकटीनं आवणी केली. शेजारीण तोंड फुगवून बांधावर उभी. पण तिकडचं तण काही आईला आवरेना. शेवटी शेजारीणच कुदळ घेऊन उतरली. कुठलं उपटायचं, कुठलं भाजीला ठेवायचं, तिनं दाखवलं. आईनं मुकाट्यानं ऐकलं. हा चमत्कार आम्ही घरी कधी पाहिला नव्हता!

कापणीला टोपल्या पुरल्या नाहीत. शेजारणीनं नव्या तांदळाचा भात रांधला आणि पहिलं पान आईपुढं ठेवलं. आईनं हात लावला नाही, पोरांकडं बोट दाखवलं. चौघंही पोटभर जेवली, ढेकर दिला, भांड्यात भात उरला. तेव्हा कुठं आईनं घास घेतला, आणि ती घळाघळा रडायला लागली. इतके महिने ती किती घाबरली होती, ते मला त्या घासाला कळलं.