बॅटरी वाचव

उत्तरेकडच्या एका पोस्टवर मी सुभेदार होतो, पोस्ट कमांडर. हाताखालच्या जवानांत नाईक हरेश माझ्याच कोळीवाड्यातला, मुरुडचा. माझ्याकडे बघून भरती झालेला. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग बर्फ उपसणं, चहा, ठरल्या वेळी वायरलेस सेटवरून खाली रिपोर्ट. थंडीत सेटच्या बॅटऱ्या लवकर बसतात, म्हणून आम्ही त्या जर्सीच्या आत, अंगाशी धरून झोपायचो. हरेश म्हणायचा, "साहेब, बायकोला एवढं जपलं असतं तर सासरा खूश झाला असता."

एका दुपारी वरचा बर्फ सुटला आणि पुढची हट गाडली गेली. आत हरेश एकटा होता.

पार्थिव घेऊन मीच गावी आलो. त्याच्या बायकोला, सुजाताला सांगितलं, "जागच्या जागी गेला. काही कळलं नाही त्याला." शेजारी श्रेया उभी होती, त्यांची मुलगी. शाळेतसुद्धा जात नव्हती तेव्हा.

पुढे मी पेन्शनवर आलो. आमच्याकडे भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, होड्या किनाऱ्याला असतात. घराघरांत बाप असतात. ज्या पोरांचे बाप गेले त्यांना हेच दिवस जड जातात. म्हणून वाड्यातली पार्वतीआत्या त्यांना आपल्या ओटीवर बोलावते. फाटलेली जाळी तुणायला बसवते. तुणता तुणता प्रत्येकाने आपल्या बापाची एक गोष्ट सांगायची. नियम एकच, खोटं बोलायचं नाही. समुद्रात गेलेल्यांची कधीकधी बॉडी मिळत नाही. 'बोटीवर गेलाय' असं ऐकलेली पोरं वर्षानुवर्षं जेट्टीवर जाऊन बसतात. आत्याचा स्वतःचा मुलगा तसा बसायचा.

मला ती बोलवायची. मी टाळायचो. एका भांगाला ती माझ्या दारातच उभी राहिली.

"सुभेदार, गाठ मारता येते काय, का तीपण ऑर्डर देऊन मारून घेतोस?"

गेलो. सुजाताही होती, सुईत दोरा भरून देत होती. एका मुलाने सांगितलं, बाबा दारू पिऊन आईला मारायचा. कुणी त्याला गप्प केलं नाही. मग श्रेयाची पाळी. आता ती सातवीत आहे. जाळ्यातून मान वर न करता म्हणाली, "माझ्या बाबाला कायपण दुखलं न्हाय. हे सदाकाका तिथं होते."

आत्याने माझ्याकडे बघितलं. 

मी म्हणालो, "ते खरं नाही, श्रेया."

सुई थांबली.

"हट गाडली गेली तेव्हा तो जिवंत होता. त्याच्याजवळ सेट होता. आम्ही वरून खणत होतो. तो बोलत होता."

"काय बोलला?"

"म्हणाला, हलता येत नाही, श्वास घेता येतोय. मग म्हणाला, साहेब, घरी सांगा. तिथेच मी त्याचं बोलणं तोडलं. म्हटलं, नंतर सांग. बॅटरी वाचव. मी कॉल केल्याशिवाय बोलू नको. आउट."

"आणि बाबा?"

"रॉजर म्हणाला. म्हणजे, समजलं."

"मग?"

"मग मी कॉल केला तेव्हा उत्तर आलं नाही."

खणता खणता तो हाताला लागला तेव्हा अंधार पडला होता. सेट त्याच्या छातीशी होता. सेटचा दिवा चालू होता, बॅटरी उरली होती. हेही मी सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही.

 श्रेया म्हणाली, "घरी काय सांगा?"

"माहीत नाही, बाळा."

ती उठून गेली. सुजाता तिच्यामागे निघाली, पायरीवर थांबली. "इतकी वर्षं तुम्ही हे मनात वागवलंत ना, दादा? मग अजून वागवायचं होतं. बाबाला दुखलं नाही, एवढ्यावर तिला झोप लागायची."

  नियम पाळला, एवढंच मी स्वतःला सांगतो, आणि ते पुरत नाही. माझं ओझं मी उतरवलं ते एका पोरीच्या डोक्यावर.

आत्याने श्रेयाची सुई जाळ्यात तशीच अडकवून ठेवली. मला म्हणाली, "पुढच्या भांगाला ये. आता तुला सुटका न्हाय."

पुढच्या भांगाला गेलो. श्रेया आली नव्हती. त्यानंतरच्याही नाही. तिची जागा मोकळी ठेवून पोरं बसतात. माझी पाळी आली की मी नाईक हरेशचं नाव घेतो, तो कसा हसवायचा ते सांगतो. शेवटी तो रॉजर म्हणाला, तेही सांगतो. सांगितलेलं त्याने ऐकलं. माझा कॉल येईपर्यंत तो बोलला नाही.