पुरे म्हणेपर्यंत

किसन गेला त्या सकाळी खोलीत आम्ही तिघं होतो. त्याची बायको पार्वती, दवाखान्यातले डॉक्टर आणि मी. त्याला आता दीड महिना होत आला...

किसन माझा मामेभाऊ, वडीगोद्रीचा. माघात चिंचा झोडताना फांदी मोडली आणि तो पाठीवर पडला. कमरेखालचं अंग तिथंच गेलं. गाडीत कडबा अंथरून त्याला जुन्या जालन्यात माझ्या घरी आणलं. डॉक्टर हैदराबादेत शिकलेले. मणक्याच्या मारानं लुळ्या पडलेल्या पायांवर विजेच्या पेटीनं काही फरक पडतो का, हे ते बरीच वर्षं तपासत होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "देखो भाई, मेरे से वादा नक्को मांगो. ही पेटी मांस वाळू देत नाही, एवढंच. आतली वाट उघडली तर ते कामाला येईल."

पेटीच्या तारा जोडलेल्या ओल्या फडक्याच्या घड्या मांडीवर ठेवून ते तिचा दांडा फिरवत आणि पाय उडे. पार्वतीनं हात जोडले. किसन मात्र दुसऱ्याच्या बैलाकडं बघावं तसा पायाकडं बघत राहिला.

"दादा, पाय हालला. पण मी न्हाई हालवला."

"बराबर," डॉक्टर म्हणाले. "हाच फरक आहे."

त्यानंतर किसनला पाय स्वतः हालवण्यापलीकडं दुसरं काही सुचेना. डॉक्टर डोळे मिटायला सांगत आणि अंगठा हलव म्हणत. आम्ही अंगठ्याकडं बघत बसायचो. "हुकूम धाडलाय दादा," तो म्हणे, "वाटंत नाल्याला पूर आलाय जनू." एकदा अंगठा खरंच हालला. डॉक्टरांनी पुन्हा सांगून पाहिलं, तेव्हा हालला नाही. कधी कधी आपोआप उडतो, असं ते म्हणाले. किसननं ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

पेटीआधी पाय शेका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपल्याकडं शेक देणारा थांबतो, तो घेणाऱ्यानं 'पुरे' म्हटल्यावर. पार्वती तापल्या वाळूची पुरचुंडी पोटरीला लावून विचारी, "पुरे का?"

"थांब. आता लागंल... आनखी तापव."

ऊब कळावी म्हणून तो वाट बघत होता, आणि त्यानं पुरे म्हणावं म्हणून ती. पुरचुंडी उचलली तेव्हा फडक्याला चिकटून कातडी आली. डॉक्टर जखम बांधायला बसले. "बिनजाणिवेच्या पायाला शेक कसा द्यायचा, हे मी सांगायला हवं होतं," म्हणाले. पेटी बंद झाली.

"जखम ऱ्हाऊ द्या, डॉक्टरसाब. पेटी लावा. अंगठा हालल्ता."

मग ताप चढला, तो उतरलाच नाही.

पार्वती आमच्याकडंच असते. माझ्या आईचे गुडघे संध्याकाळी तीच शेकते. पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावते, दोन-चारदा टेकवते आणि उचलते. आई कुरकुरते, "अगं, मी पुरे कुठं म्हनलं?"

पार्वती वाळू परत मडक्यात ओतते.