लेखनिकाची पात्रता

हर्षद घाडीगावकरच्या मुलुंडच्या घरात, दारातून आत शिरल्यावर उजव्या हाताला त्याची बी. ए. ची पदवी फ्रेम करून लावलेली आहे. ती त्याला दिसत नाही. सहाव्या वर्षी तापात त्याची दृष्टी गेली. आज तो एका बँकेत वरिष्ठ व्यवस्थापक आहे. त्या पदवीसाठी लिहिलेल्या सगळ्या उत्तरपत्रिका त्याच्या थोरल्या बहिणीच्या अक्षरात होत्या. तिचं नाव सुलक्षणा. वय बेचाळीस, मुक्काम वाकोला, शिक्षण नववी पास.

परीक्षेच्या कागदोपत्री भाषेत तिला लेखनिक म्हणतात, मुलं 'रायटर' म्हणतात. काम साधं दिसतं. दिसत नसलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न वाचून दाखवायचा, तो सांगेल ते उत्तर लिहायचं. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. सुपरवायझर खुर्ची ओढून शेजारी बसतो आणि कान देऊन ऐकतो. लेखनिकाने काही सुचवायचं नाही, काही सुधारायचं नाही. आणि एक अट आहे, सगळ्यांत महत्त्वाची. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असायला हवं.

या एका अटीवर सुलक्षणाचं आयुष्य उभं आहे.

ती शाळेत हर्षदच्या एक वर्ष पुढे होती. वर्गात पहिल्या पाचांत. ती दहावीत असताना नववीतल्या हर्षदला सहामाहीसाठी शाळेने आठवीतला एक लेखनिक दिला. त्याने 'सांस्कृतिक' हा शब्द चार तऱ्हांनी लिहिला आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. हर्षद तीन विषयांत नापास झाला. त्याच आठवड्यात सुलक्षणाच्या दहावीच्या बोर्डाचा फॉर्म घरी आला होता. वडील, म्हणजे अण्णा, गिरणी बंद पडल्यापासून साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. त्यांनी फॉर्मवर सही केली नाही.

"पुढच्या वर्सा झिलाची दहावी," अण्णा म्हणाले. "तू पास झालंस तर त्येचा कोण लिवतलो? एक वर्स थांबलंस तर काय आभाळ कोसळूचा नाय."

"आणि माझी दहावी?"

"तुझी खंय पळान जाता? त्येची झाली काय मगे दी."

पुढच्या वर्षी हर्षदला एकाहत्तर टक्के मिळाले. मुख्याध्यापकांनी त्याला स्टेजवर बोलावून हार घातला. सुलक्षणा खाली बसून टाळ्या वाजवत होती. बारावीच्या वेळी परीक्षा केंद्रावरच्या क्लार्कने तिचे कागद उलटसुलट करून पाहिले.

"शिक्षण किती?"

"नववी."

"मग काय प्रश्नच नाही," असं म्हणून त्याने शिक्का मारला. बाजूच्या रांगेत एका मुलाचा लेखनिक जास्त शिकलेला निघाला म्हणून त्याचे आईवडील हातापाया पडत होते. अण्णांनी ते पाहिलं आणि जन्मभराचा धडा घेतला. घरी येऊन ते म्हणाले, जितका कमी तितका बरा. त्यानंतर सुलक्षणाच्या दहावीचा विषय घरात निघाला नाही. हर्षद कॉलेजात गेला. बी. ए. ची पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती, म्हणून स्विचच्या एका कारखान्यात लागलेली सुलक्षणा कामावरून आल्यावर ती कॅसेटवर वाचून ठेवायची. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. तीन वर्षं पुस्तकं तिने वाचली, पेपर तिने लिहिले. पदवी हर्षदची.

ती त्याचीच आहे, असं सुलक्षणा ठामपणे सांगते. "एक अक्षर मी माझं घातलेलं नाही."

हे खरं आहे, याचा पुरावा खुद्द हर्षद देतो. शेवटच्या वर्षाच्या इतिहासाच्या पेपरात त्याने चंपारण सत्याग्रहाचं साल एकोणीसशे एकोणीस सांगितलं. सुलक्षणाने ते प्रकरण दोनदा कॅसेटवर वाचलं होतं. तिचं पेन क्षणभर थांबलं. मग तिने एकोणीस लिहिलं. बाहेर आल्यावर हर्षदने विचारलं, "ताई, मघाशी पेन थांबलं होतं तुझं. चुकलं ना माझं?"

"हो. सतरा पाहिजे होतं."

"मग लिहायचं ना यार! सुपरवायझर तर वर्तमानपत्र चाळत बसला होता, पानांचा आवाज येत होता."

"तू एकोणीस सांगितलंस."

घरी पोचेपर्यंत तो गेलेले गुण मोजत राहिला. तिला मात्र दुसऱ्याच गोष्टीची टोचणी लागली. पेन थांबणं हेही सुचवणंच झालं. तेव्हापासून परीक्षेच्या खोलीत तिचं पेन कधी थांबलं नाही. समोरून कितीही चुकीचं उत्तर आलं तरी एकाच वेगात. घरी अर्ज, पत्रं लिहिताना ती खुशाल थांबायची आणि हर्षदला कळायचं की काहीतरी चुकतंय. पुढे बँकेत लागल्यावर एका सत्काराच्या भाषणात त्याने तो किस्सा रंगवून सांगितला. "माझी ताई चुकीचंसुद्धा बरोबर लिहिते," असं तो म्हणाला आणि सभागृह हसलं.

अंधेरी पूर्वेला एका शाळेच्या पहिल्या मजल्यावर अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यास केंद्र आहे. केंद्राचे चिटणीस सुबोध प्रधान, निवृत्त शिक्षक. दोन हजार सोळा साली त्यांना लेखनिकांची गरज होती म्हणून हर्षदने बहिणीला तिकडे पाठवलं. पहिल्याच दिवशी प्रधान सरांनी विचारलं की पुढे का शिकली नाहीस. तिने अटीचं कारण सांगितलं. सरांनी कपाटातून परिपत्रक काढून तिच्यासमोर ठेवलं.

"हे वाच. परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली. बी. ए. च्या मुलाला बारावी झालेला लेखनिक चालतो. तुझा भाऊ अकरावीत असताना तू दहावी दिली असतीस तरी काही बिघडलं नसतं. तो कॉलेजात असताना बारावी झाली असती."

तिने ते परिपत्रक उभ्याने वाचलं. अर्धं पान होतं. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी ते मागून घेतलं नव्हतं, वाचलं नव्हतं. तिने हजारो पानं मोठ्याने वाचली होती. तेवढं अर्धं पान राहून गेलं होतं.

"अण्णा तेव्हा होते का?" असं विचारल्यावर ती सांगते, "होते. पण मी घरी बोलले नाही. काय बोलणार? त्यांनी मुद्दाम थोडंच केलं."

त्या वर्षी तिने बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आणला. फेब्रुवारीत केंद्रातल्या एका दहावीच्या विद्यार्थिनीचा लेखनिक गोवरने आजारी पडला. दहावीचा पेपर सगळ्यांचा एकाच वेळी असतो. जी दुसऱ्याची दहावी लिहिते ती स्वतःची देऊ शकत नाही. सुलक्षणाने त्या मुलीची लिहिली. पुढच्या मार्चमध्ये दुसरं कुणीतरी होतं. कारखान्यातली वर्षभराची रजा ती मार्चसाठी साठवते.

केंद्राच्या वहीत लेखनिकांची नावं आणि त्यापुढे शिक्षण लिहिलेलं असतं. कोण कुणाला चालेल ते त्यावरून ठरतं. बी. कॉम. झालेल्यांचा उपयोग थोड्यांना, बारावीवाल्यांचा त्याहून जास्त. सुलक्षणाच्या नावापुढे प्रधान सरांनी लिहिलं होतं: नववी पास, सर्व परीक्षांना चालेल.

हळूहळू ती वहीच तिच्याकडे आली. घाटकोपरच्या मुलाला वाकोल्याचा रायटर लांब पडतो, कुणाला गणित झेपत नाही, कुणाचा आवाज बारीक आहे, कोण ऐन वेळी दांडी मारतो, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. नवीन लेखनिकांना ती शिकवायची. प्रश्न दोनदा वाचायचा, गुण आधी सांगायचे, नकाशा असेल तर काय काय विचारलंय ते क्रमाने सांगायचं. उत्तर चुकलं तर चेहरा नाही, आवाज आवरायचा. आठ वर्षं हे काम तिने फुकट केलं.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. साकीनाक्याचा तिचा स्विचचा कारखाना वसईला हलणार असं मालकाने सांगितलं. आणि केंद्राला एका कंपनीने पगारी लेखनिक समन्वयकाचं पद देऊ केलं. पात्रता काय असावी, हे कंपनीने केंद्रावर सोडलं होतं.

"तुझंच काम आहे, तुलाच मिळणार," प्रधान सर म्हणाले. "वसईचं विसर."

तिने नवऱ्याला सांगितलं. नंदू लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, फार बोलत नाही. "झकास," एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी टेबलावर ठेवायचा दिवा घेऊन आला. हर्षदलाही तिने फोनवर सांगितलं की अशी जागा येतेय, सर माझ्याबद्दल बोलत होते. तो म्हणाला, "हो, समितीत विषय आहे. बघू."

हर्षद केंद्राच्या समितीवर आहे. जाहिरातीचा मसुदा करायचं काम त्याच्याकडे आलं. इंग्रजी तो बोलणाऱ्या संगणकावर स्वतः टाइप करतो. मराठी मजकूर असला की अजून ताईला बोलावतो, तो वेग त्याला बरा पडतो. रविवारी ती मुलुंडला गेली. वहिनी वसुधाने चहा ठेवला. हर्षद खिडकीपाशी बसला आणि सांगायला लागला.

पदाचं नाव. लेखनिक समन्वयक. ठिकाण, अंधेरी पूर्व. कामाचं स्वरूप त्याने अर्धं पानभर सांगितलं. ती जे आठ वर्षं करत होती तेच सगळं, नीट क्रमाने.

"आता पात्रता," तो म्हणाला. "किमान शैक्षणिक पात्रता, मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी. पूर्णविराम. संगणकाचं ज्ञान आवश्यक. पूर्णविराम. अनुभव असल्यास प्राधान्य, परंतु शैक्षणिक पात्रतेची अट शिथिल केली जाणार नाही. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच बघू."

तिने वाचून दाखवलं, विरामचिन्हांसकट.

"कुठे थांबली नाहीस म्हणजे ठीक झालंय," हर्षद म्हणाला. "उद्या सही करून पाठवतो. वसुधा, ताईला ते लाडू दे गं."

तिला विचारलं की त्या वेळी का बोलली नाहीस, तर ती चिडत नाही, रडत नाही. "तो सांगत होता, मी लिहीत होते," ती म्हणते. "शेजारी सुपरवायझर नाही, आपण घरी आहोत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खाली उतरल्यावर आलं."

मसुदा कंपनीकडे गेला, मंजूर झाला आणि प्रधान सरांच्या हाती आला तेव्हा त्यांनी हर्षदला फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि सुलक्षणा समोर वही घेऊन बसली होती.

"हर्षद, ही अट कशाला घातलीस? आपल्याला सुलक्षणा हवी आहे."

"सर, मला माहीत आहे ती किती चांगली आहे. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण मी समितीवर आहे. उद्या लोक म्हणतील, बहिणीला चिकटवलं."

"अरे, पण अनुभवाला शिथिल तरी..."

"बहिणीसाठी शिथिल केलं म्हणतील. आणि सर, आपण मुलांना इतकी वर्षं काय सांगतो? दिसत नसलं तरी शिका, डिग्री घ्या, कुणी दया करणार नाही. मग स्वतःच्या घरी वेगळा नियम लावू?" थोडं थांबून तो म्हणाला, "आणि ताईची हरकत असती तर ती बोलली असती ना. तिनेच तर लिहिलंय."

प्रधान सरांनी सुलक्षणाकडे पाहिलं. तिने वहीतलं पान उलटलं.

जागा रुचिरा सामंतला मिळाली. वय चोवीस, बी. कॉम., घाटकोपरची. कामसू मुलगी आहे, तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तिने आयुष्यात एकही पेपर दुसऱ्यासाठी लिहिलेला नव्हता, म्हणून पहिला महिनाभर तिला शिकवायला सुलक्षणाला दर शनिवारी बोलावलं. सुलक्षणा गेली. दिवा नंदूने ज्या खोक्यातून आणला होता त्याच खोक्यात परत घालून तिने माळ्यावर ठेवला. कारखाना जूनमध्ये वसईला गेला, आता ती तिकडे जाते.

शेवटच्या शनिवारी रुचिरा जुनी वही संगणकावर चढवत होती.

"ताई, आता तुमचं नाव आलं. हे अजून नववीच ठेवू? या वर्षी तुम्ही दहावीला बसणार, असं सर म्हणत होते."

"तुझ्याकडे दहावीची मुलं किती आहेत मार्चला?"

रुचिराने मोजलं. "नऊ."

"आणि दहावीच्या खालचे रायटर?"

"तुम्हाला धरून सात."

सुलक्षणाने चष्मा पुसला. "ठेव," ती म्हणाली.